मोठ्या कासवाला काय होतंय!

नवऱ्याचं नाव मी आयुष्यात दोनदा घेतलं. एकदा लग्नात, उखाण्यात, तेही सासरच्या बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. आणि दुसऱ्यांदा परळच्या जनावरांच्या दवाखान्यात, चांगलं घसा फाडून, तिथले घोडे माना वळवून बघायला लागले इतकं. त्याला कारण झालं कासव. हसू नका. ऐकायचं असेल तर नीट ऐका, मधेमधे विचारू नका, मला राग येतो.

कुशाबा त्यांचं नाव, हे गोष्टीपुरतं सांगितलं, ते मोजू नका. लालबागला गिरणीत होते, सूतखात्यात. लोक विचारायचे, बॉबिन बदलतात की मशीन साफ करतात? दोन्ही नाही. हे हवा सांभाळायचे. हवा कोरडी पडली की सूत पटापट तुटतं, म्हणून खात्यात सारखे पाण्याचे बारीक फवारे चालू ठेवावे लागतात. कमी झालं तर सूत तुटतं, जास्त झालं तर चिकटतं. भिंतीवर काचेच्या दोन नळ्या असायच्या, एक कोरडी, दुसरीच्या बुडाला ओली चिंधी. त्या बघून पाणी कमीजास्त करायचं, हे काम. पण ह्यांना नळ्या लागायच्याच नाहीत. हातभर सूत ओढायचे, कानाजवळ न्यायचे आणि तोडायचे. टक् करून तुटलं तर हवा कोरडी. जरा ताणून, कुरकुरत तुटलं तर ठीक. चोवीस वर्षं हेच केलं. मी म्हणायचे, बायकोची हाक ऐकू येत नाही, सूत बरं ऐकू येतं! त्यावर नुसते हसायचे. बोलणं मुळातच कमी. मालवणी माणूस आणि बोलत नाही, असा एकच नमुना देवाने केला आणि तो माझ्या गळ्यात घातला.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. पहिले सहा महिने सगळ्यांनाच वाटत होतं, आज मिटेल, उद्या मिटेल. मग चाळ रिकामी व्हायला लागली. ज्याला गाव होतं तो गावी गेला. आम्ही दोन्ही मुलांना कुडाळला दिरांकडे पाठवलं, तिथे निदान पेज तरी मिळेल म्हणून. मी मसाल्याच्या दुकानातून पोतं आणून मिरच्यांची देठं काढायला लागले. दिवसभर देठं काढायची, हातांची नुसती आग. डोळ्याला हात लावायची सोय नाही. रडायचं असेल तर मनगटाने डोळे पुसायचे, हे त्या दिवसांत शिकले.

शेजारच्या खोलीत दगडू राहायचा, सोलापूरकडचा. तोही बायकोला, सखुबाईला घेऊन गावी निघाला. जाताना खोलीची किल्ली माझ्याकडे, एक ट्रंक माझ्याकडे, आणि एक कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, उलट्या पातेल्याएवढं. घरात कासव असलं की बरकत राहते, असं सखुबाई म्हणायची. बरकत तर आम्ही सगळे बघतच होतो! आधी त्यांच्याकडे जोडी होती, पण नर पावसाळ्यात मेला. ही मादी. नाव काय, तर सुंदराबाई.

"हिला काय खायला घालू रे?" मी विचारलं.

"काही करावं लागत नाही वहिनी," दगडू म्हणाला. "पाला टाकायचा, दोन दिवसांनी टाकला तरी चालतं. पाणी ठेवायचं. थंडीत खाणार नाही, घाबरू नका. मोठ्या कासवाला काय होतंय!"

आणि खरंच तसंच होतं. सुंदराबाई खाटेखाली पडून असायची. वाटलं तर बाहेर यायची, मागच्या दाराने आळवाच्या वाफ्यात जायची, उन्हात बसायची, परत यायची. आमची खोली तळमजल्यावर, मागे मोरीचं पाणी जातं तिथे मी आळू लावलं होतं. कधी आठवडाभर मी तिला पाला टाकायला विसरायचे. तिने कधी तक्रार केली नाही. घरातलं एक माणूस तरी असं आहे, मी म्हणायचे, की ज्याचं मला काही बघावं लागत नाही.

त्र्याऐंशीच्या गणपतीनंतर आमच्या वरच्या माळ्यावरचा गुणाजी गेला. ह्यांच्याच खात्यातला, ह्यांच्याच वयाचा. सकाळी चहा प्याला, बायकोला म्हणाला, "जरा जाऊन येतो," आणि आला नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस सांगत आले, रेल्वेच्या पुलाखाली सापडला म्हणून. त्याआधीच्या दिवशी त्याने बायकोला सगळं समजावून सांगितलं होतं म्हणे, रेशनकार्ड कुठे आहे, गावचे कागद कुठे आहेत. ती बिचारी म्हणत होती, मला वाटलं माणूस ताळ्यावर येतोय.

त्यानंतर गिरणी थोडीशी चालू झाली. हे दारावर गेले. यादीत नाव नाही, म्हणून सांगितलं. घरी आले, भिंतीकडे तोंड करून झोपले, ते दोन महिने तसेच. जेवायला उठायचे, परत आडवे. मी भांडले, ओरडले, गोड बोलले. काही नाही. मग मी ओरडायचं सोडलं, कारण मला भीती वाटायला लागली. हे पण एक दिवस म्हणतील, जरा जाऊन येतो. घरातल्या काय काय वस्तू मी हळूच उचलून शेजारच्या सुभद्राकडे नेऊन ठेवल्या, ते आता सांगत नाही. नळावर गेले तरी कान घराकडे. देठं काढताना मिरच्यांकडे कमी आणि खाटेकडे जास्त बघायचे.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी आळू काढताना माझ्या बोटांपाशी माती हलली. मला वाटलं बेडूक. बघते तर कासवाचं पिल्लू, लिंबाएवढं! मी तिथेच मटकन बसले. उकरलं तर आणखी तीन. आमच्या सुंदराबाईने कधी गुपचूप अंडी घातली, कधी बुजवली, आम्हाला पत्ता नाही. नर मेल्यावरही मादी पुढे कितीतरी दिवस अंडी घालू शकते, हे नंतर कळलं. मी चौघांना सुपात घालून घरात आणलं आणि ह्यांच्या तोंडासमोर धरलं.

"बघा, आपल्या घरात बाळंतपण झालं!"

ह्यांनी मान वळवली. बघितलं. परत भिंतीकडे तोंड केलं. पण बघितलं, एवढं मला पुरे होतं.

आता पिल्लांचं करायचं काय? सुंदराबाईचं काही करावं लागत नव्हतं, तर हिच्या पोरांचं काय असणार! तेवढ्यात माहीमहून दमयंती आली. ती कोळीण, दर दोन दिवसांनी पाटी घेऊन यायची. आमच्याकडे मासे घ्यायची ऐपत राहिली नव्हती, तरी दारात टेकून पाणी प्यायची, गप्पा मारायची. पिल्लं बघून तिने हातच जोडले.

"कासव म्हंजे दर्यातला देव गो बाय. आमच्या जाल्यान आला त हलद-कुकू लावून परत सोडतो. याना कोरड्यान काय ठेवलंस? पाण्यान ठेव."

मी कोकणातली. आमच्या देवळाच्या विहिरीत कासवं, समुद्रात कासवं. कासव म्हणजे पाणी, हे मलाही पटलं. सुंदराबाई कधी पाण्यात शिरत नाही, हे रोज डोळ्यांनी बघत होते, पण तेव्हा डोक्यात आलं नाही. घमेलं भरलं, चौघांना सोडलं आणि भाकऱ्या करायला बसले. भाकऱ्या होईतो एक तळाला गेलं होतं. जमिनीवरचं जनावर ते, त्याला पोहता कुठे येतंय! मी किंचाळले तसे हे उठले. घमेल्यात हात घालून तिघांना बाहेर काढलं, मेलेल्याला तळहातावर घेऊन कितीतरी वेळ उभे राहिले. मग मागे जाऊन आळवात पुरलं. दोन महिन्यांत त्यांनी आपणहून केलेलं पहिलं काम ते. मला आनंद व्हावा की रडू यावं कळेना.

दमयंतीला सांगितलं तर तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

मग मी ठरवलं, आता सुंदराबाईसारखंच करायचं. खोक्यात कोरडी वाळू, वर पाल्याचं एक पान, आणि खोका उन्हात. सुंदराबाईला ऊन आवडतं ना? मग पोरांनाही आवडणार. पाच दिवसांनी दुसरं गेलं. त्याची कातडी सुकून सुरकुतली होती, डोळे आत गेले होते. आणखी दोन दिवसांनी तिसरं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. खोक्याजवळ उकिडवे बसून राहिले, आणि मी चुलीपाशी बसून त्यांच्याकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या मनाने घेतलं, की चौथं पिल्लू गेलं की हे जाणार. कोणी सांगितलं नव्हतं, पण एकदा मनात बसलं ते बसलं. मी सिद्धिविनायकाला बोलले, ग्रामदेवतेला बोलले, नवस केला तो कासवासाठी. पुजाऱ्याला कळलं असतं तर हाकलून दिलं असतं मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देठं काढत होते, तर मागून ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मिरच्या टाकून उठले. बघते तर हातात सुताची बॉबिन. गिरणीतून कधीतरी आणलेली. खोक्यावर वाकले, हातभर सूत ओढलं, खोक्यात धरलं थोडा वेळ, मग कानाशी नेऊन तोडलं. टक्!

"हवा कोरडी आसा गो," म्हणाले.

दोन महिन्यांनी ऐकला तो आवाज. मला म्हणावंसं वाटलं, अहो, अजून बोला, काहीही बोला, मला शिव्या द्या! पण तोंडातून निघालं, "मग ओली करा की. चोवीस वर्षं काय केलंत?"

आणि ते लागले कामाला. चहाचा लाकडी खोका आणला. तळाला माती, मातीवर ओलं गोणपाट, एका कोपऱ्यात कोरडी जागा, वर अर्धं झाकण. बाजूला बल्ब, ऊब राहावी म्हणून. दर दोन तासांनी हाताने पाणी शिंपडायचे, सूत तोडून बघायचे, जास्त झालं तर झाकण सरकवायचे. सकाळी कोमट पाण्यात अंघोळ, पाणी पेरभर, पिल्लाच्या मानेच्या खाली, आणि स्वतः समोरून हलायचं नाही. पाला रोज ताजा, विळीवर बारीक चिरून. माझ्या हाताला मिरची, म्हणून मी हात लावायचा नाही. दमयंतीने समुद्रफेस, म्हणजे माकळीच्या पाठीतलं पांढरं हाड, आणून दिला, पिल्लाची ढाल घट्ट व्हावी म्हणून तो किसून पाल्यावर. दर गुरुवारी मसाल्याच्या दुकानात जाऊन हळद मोजायच्या छोट्या काट्यावर पिल्लाचं वजन करायचं. दुकानातले लोक हसायचे. हे चिटोऱ्यावर आकडा लिहून घ्यायचे आणि यायचे.

"मोठीला आठवडा आठवडा काही लागत नाही, आणि हिचे नखरे बघा," मी म्हटलं एकदा.

"मोठीच्या अंगात साठलेला असता," हे म्हणाले. "ह्याच्या अंगात काय आसा? एक दिवस वाऱ्यान सुकला की संपला."

पिल्लू वाढत होतं. आणि मला काळजी सुटत नव्हती, उलट वाढली होती. सकाळी उठल्याबरोबर पहिल्यांदा खोका बघायचा. पिल्लाने मान काढली की माझा जीव खाली. उशिरा काढली की तेवढा वेळ मी चूलसुद्धा पेटवायची नाही. जेवायला बसले की घास उतरायचा नाही. ह्यांच्या ताटात वाढायचं, आपल्यासाठी उरलंसुरलं, ते पण कधी तसंच झाकून ठेवायचं. सुभद्रा म्हणायची, "शेवंते, आरशात बघ जरा." मला कुठे वेळ होता आरशात बघायला!

चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी लागला. एक दिवस संध्याकाळी हे मला म्हणाले, "हयसर बस."

बसले. म्हणाले, हात आधी तेलाने पूस, मग राखेने घास, मग धू. तसं केलं. मग त्यांनी मला सगळं शिकवलं. सूत किती ओढायचं, कुठे धरायचं, कसा आवाज आला की पाणी, कसा आला की झाकण. अंघोळीचं पाणी कोपराने बघायचं. पाला केवढा चिरायचा. चिटोरी कुठल्या डब्यात ठेवली आहेत. मी सूत तोडलं, ते म्हणाले, परत. परत तोडलं. "आता तुका जमला," म्हणाले, आणि पाठीवर हात ठेवला.

पाठीवर हात! लग्नाला वीस वर्षं झाली होती, ह्या माणसाने दिवसाढवळ्या माझ्या पाठीवर कधी हात ठेवला नव्हता. आणि मला गुणाजीची बायको आठवली. रेशनकार्ड कुठे आहे, कागद कुठे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावरून आले. हे शर्ट घालून दारात, हातात पिशवी.

"जरा जाऊन येतंय," म्हणाले. "पिल्लाक बघ."

कुठे, एवढं विचारलं असतं तरी संपलं असतं. पण मला वाटलं, विचारलं तर खोटं सांगतील, आणि ते खोटं मला आयुष्यभर पुरेल. मी हंडा घेऊन उभी, आणि ते गेलेसुद्धा.

एक तास मी खोक्यासमोर बसले. सूत तोडलं, टक् झालं, पाणी शिंपडलं. दुसरा तास निघेना. सुभद्राकडे पिल्लू ठेवावं तर तिला सूत कुठे कळतंय? आणि हे वाळलं तर? ते परत आले आणि बघितलं की पिल्लू वाळलंय, तर मग आलेला माणूसही जाणार! शेवटी चहाच्या डब्यात ओला फडका घातला, त्यात पिल्लू ठेवलं, झाकण न लावता डबा पदराखाली धरला आणि निघाले. सुंदराबाई खाटेखाली आहे की नाही, हे मी वाकून बघितलंसुद्धा नाही. तिचं काय बघायचं!

पहिल्यांदा गिरणीच्या दारावर. वॉचमनला म्हटलं, "आमच्या घरचे इथे आले होते का?"

"घरचे म्हणजे कोण? नाव काय बाई?"

"ते... सूतखात्यातले. हवेवरचे."

"अहो, नाव सांगा ना. इथे दिवसाला पन्नास जण येऊन उभे राहतात."

जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. काय ही खोड! माणूस जातोय आणि मी नाव घेऊ की नको करतेय. मी तशीच वळले आणि पुलाकडे निघाले, गुणाजी गेला त्या बाजूला. ऊन चढलं होतं. पायात चपला नाहीत हे तेव्हा कळलं. डब्यातला फडका सुकायला लागला, एका हॉटेलवाल्याकडे पाणी मागितलं. त्याने प्यायला ग्लास दिला, मी तो फडक्यावर ओतला. तो बघतच राहिला.

पुलाच्या अलीकडे दमयंती भेटली, पाटी रिकामी करून परत चाललेली.

"कुठं धावतंस गो?"

"आमचे हे... बघितलेस का?"

"बघला की मगाशी. परलला. हातान पिशवी होती. मी हाक मारली त वलला नाय."

पिशवी घेऊन परळला कशाला? तिथे आमचं कोण आहे? मी धावत सुटले. वाटेत लोक बाजूला होत होते, कोणीतरी म्हणालंसुद्धा, काय झालं मावशी? मला फक्त गुणाजीच्या बायकोचं तोंड दिसत होतं. परळला आले, इकडे बघ, तिकडे बघ, काही नाही. जनावरांच्या दवाखान्याचं मोठं आवार लागलं. आत घोडागाडीचे घोडे, एक बैल, बकऱ्या, माणसांची ही गर्दी. तिथे हे कशाला असतील? पण माझे पाय संपले होते, पुढे जायला जागाच नव्हती. मी फाटकाला धरलं आणि पोटातून ओरडले.

"कुशाबाऽऽ! अहो कुशाबाऽऽ!"

घोड्यांनी माना वळवल्या, माणसांनी वळवल्या. रांगेत एका बकरीच्या मागे हे उभे होते. हातात पिशवी, आणि पिशवीतून सुंदराबाईची मान बाहेर.

मी गेले आणि आधी त्यांच्या दंडावर मारलं. चांगलं दोन-तीनदा. "सांगून जायला काय धाड भरली होती? तोंडाला कुलूप आहे का? मी मेले असते आज!"

"अगो, काय झाला?" हे घाबरले. "पिल्लू?"

मी डबा पुढे केला. पिल्लू बघितलं, बोट लावून फडका बघितला, मग म्हणाले, "ओलो आसा."

"आणि हिला कशाला आणलंत इथे?"

"ही तीन आठवडे खात नाय. मी म्हटलं थंडी. थंडी सरली तरी खाना नाय. काल उचललंय तर हातात नुसती ढाल. हलकी झाली गो." त्यांनी पिशवी पोटाशी धरली. "अडीच महिने आपण पिल्लूच बघित ऱ्हवलो. मोठ्या कासवाला काय होतंय, म्हटलं. पिल्लू दोन दिवसांत दाखवता, मोठा दाखवणाच नाय. आत आत सुकत जाता."

"मला सांगितलं असतं तर?"

"तू म्हटलं असतंस, तिका काय धाड भरलीहा."

म्हटलंच असतं.

"मग मला काल कशाला सगळं शिकवलंत? पाठीवर हात काय, चिटोरी काय!"

"हयसर अख्खो दिवस जाणार, म्हणान. पिल्लाक दोन तास चलत नाय..." आणि बोलता बोलता थांबले. माझ्या पायांकडे बघितलं, चपला नाहीत. तोंडाकडे बघितलं. "तुका काय वाटला?"

मी सांगायच्या आधीच ते समजले. गुणाजीला खांदा त्यांनीच दिला होता.

आमचा नंबर आला. डॉक्टर चांगला होता. म्हणाला, आमच्याकडे घोडे, बैल येतात, कासव वर्षातून एखादं. सुंदराबाईला उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, अंडी घालून हिच्या अंगातलं सगळं निघून गेलंय, आणि नंतर पोटाला नीट मिळालेलं नाही. पिल्लाचं करता तसंच हिचंही करा महिनाभर. औषध लिहून दिलं. कंपाउंडर तिला वजनाला घेऊन गेला, बकऱ्या तोलायचा काटा होता, लोखंडी फळीचा. एक किलो नऊशे. हवं होतं अडीचच्या वर.

मी तिला उचलायला वाकले, तसे ह्यांनी माझं मनगट धरलं आणि हात वर केला. हातातल्या बांगड्या सुर्रकन खाली आल्या, कोपरापर्यंत. लग्नात बोटं चोळून चोळून चढवाव्या लागल्या होत्या, त्या मापाच्या बांगड्या. मनगट त्यांच्या दोन बोटांत मावलं. ते बघत राहिले.

"चढ," म्हणाले.

"कुठे?"

"काट्यार."

"वेड लागलंय का? बकऱ्यांचा काटा तो! लोक बघतायत."

"बघांदेत. चढ."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी चढले. पदर सावरत, डबा हातात धरून. कंपाउंडर हसायला लागला होता, आकडा बघून थांबला. डब्यासकट छत्तीस किलो.

हे खाली बसले, तिथेच फळीजवळ, आणि रडले. त्या माणसाला मी सासू गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "मी खंय जातंय गो? तूच चललंस."

चार-पाच महिने मी ह्यांच्यावर डोळा ठेवून होते. माझ्याकडे कोणी बघावं, हे माझ्याच मनात आलं नव्हतं. आणि आता कोणी बघितलं. काट्यावरच बसले मी, हातात डबा घेऊन, आणि मागची बकरीवाली बाई म्हणाली, "ओ ताई, माझा नंबर आहे."

तेव्हा मला हसू आलं. उतरले. म्हटलं, "आता तुम्ही चढा."

"मी कशाक?"

"चढा म्हणते ना!"

चढले. सेहेचाळीस. सहा फुटी माणूस. कंपाउंडरकडे मी पेन मागितलं. सुंदराबाईच्या केसपेपरवर ह्यांनी त्याच पेनने तिच्या आकड्याखाली आधीच लिहिलं होतं, शेवंती, छत्तीस. पेन मी हातात घेतलं. मी चौथी शिकलेली, लिहिता येतं मला. पण नाव तोंडाने ओरडले होते, हाताने कधी लिहिलं नव्हतं. अक्षर वाकडं आलं. कुशाबा, सेहेचाळीस.

पुढे काय? मसाल्याच्या दुकानदाराने ह्यांना ठेवून घेतलं. पोत्यात हात घालून मिरचीला ओल लागली की नाही ते हे अचूक सांगायचे. अर्धं आयुष्य हवा ओली ठेवण्यात गेलं, अर्धं मिरची कोरडी ठेवण्यात. मुलं परत आली. दगडू आला नाही, कासव ठेवा तुम्हीच, असं पत्र आलं. पुढे कळलं की असली कासवं घरात ठेवायची बंदी आहे, तेव्हा दोघींना वनखात्याच्या माणसांकडे दिलं. ह्यांनी त्या माणसाला पाऊण तास थांबवून समजावलं. लहानीचं सगळ्यांना कळतं, म्हणाले, मोठीला उचलून बघत जा.

दर गुरुवारी आम्हीही दुकानाच्या काट्यावर चढायचो. आधी मी, मग ते. लोक हसायचे, हसू देत.

ते जाऊन आता सहा वर्षं झाली. घरीच, खाटेवर, माझा हात धरून. आदल्या दिवशी म्हणाले, "शेवंते, आता मी जातंय." जरा जाऊन येतो म्हणाले नाहीत. तो केसपेपर ट्रंकेत आहे, बॉबिनच्या शेजारी. दर गुरुवारी सून मला काट्यावर उभं करते. मी कुरकुरते, पण चढते.